चांदमारीचं गोड पाणी

आमच्या गावात पाणी चांगलं की वाईट हे तूरडाळ ठरवते. डाळ शिजायला ठेवली, दोन उकळ्या आल्या आणि दाणा चिमटीत धरताच विरघळला, की ते पाणी गोड. तास तास जाळ घालूनही दाणे पातेल्याच्या बुडाशी टणटण वाजत राहिले, की ते पाणी जड. याखेरीज पाण्याची तिसरी जात गावाला ठाऊक नाही. मी परभणीची, रसायनशास्त्र घेऊन बी.एस्सी. झालेली, दुसऱ्या वर्गात का होईना. लग्न होऊन राणीसावरगावच्या पलीकडच्या या गावात आले आणि पहिल्याच आठवड्यात सासूबाईंना समजावून सांगितलं, की डाळ शिजते ती पाण्यात क्षार कमी असतात म्हणून, पाणी शुद्ध असण्याचा त्याच्याशी काही संबंध नाही. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "बरं. आता तेवढा गॅस बारीक कर."

सासूबाईंना मी आत्याबाई म्हणते, आमच्या भागात तशी पद्धत आहे. आत्याबाईंच्या हातचं वरण आसपासच्या गावांत प्रसिद्ध आहे, आणि हे मी त्यांची सून असून लिहिते आहे. महादेवाचा भंडारा असो, कुणाचं लग्न असो की बारसं, डाळीच्या कढईपाशी पाट टाकून त्यांनाच बसवतात. गंगाखेडहून सोयरे आले, तर हातपाय धुवायच्या आधी विचारतात, वरण कुणी केलंय? आणि आत्याबाईंची अट एकच असते. पाणी चांदमारीचं पाहिजे.

चांदमारी म्हणजे बंदुकीच्या नेमबाजीचं मैदान. जुन्या अमदानीत गावाबाहेरच्या माळावर फौजेची माणसं सरावाला यायची. मैदानाच्या टोकाला मातीचा उंच बांध घातलेला होता, आणि नेम लागलेल्या न लागलेल्या सगळ्या गोळ्या त्यात जाऊन रुतायच्या. पुढे फौज गेली, अमदानी गेली, नंतर आणखी कुणी कुणी येऊन थोडीफार ठोठो केली आणि मग तेही बंद झालं. बांध राहिला आणि नाव राहिलं. गावातले म्हातारे सांगतात, त्यांच्या लहानपणी त्या बांधातून शिशाच्या गोळ्या टोपलीनं निघायच्या. हे सगळे मोठ्या अभिमानानं सांगतात.

त्याच बांधाच्या पायथ्याशी पंचायतीनं बोअर घेतला आणि हातपंप बसवला. पाणी असं हलकं निघालं, की पहिल्याच दिवशी कुणीतरी डाळ शिजवून पाहिली आणि गावभर बातमी झाली. गावातल्या विहिरीचं पाणी नळाला येतं, पण ते जड. त्यानं धुणीभांडी करायची आणि प्यायला-स्वयंपाकाला अर्धा किलोमीटर जाऊन चांदमारीचं आणायचं, असा सगळ्या गावाचा शिरस्ता पडून गेला.

मी या पाण्याच्या भानगडीत पडले ते एका पिशवीमुळे. गावातल्या पाच बायांना पाणी तपासायला शिकवायचं, असं वरून आलं. ग्रामसेवकांनी पाच नावं लिहिली आणि आम्हाला एक दिवस गंगाखेडला धाडलं. एकीला तिथे बहिणीला भेटायचं होतं, एकीला दवाखान्यात नंबर लावायचा होता आणि दोघींना पिशवी मिळते असं कळलं होतं. शिकायला म्हणून आलेली अशी मी एकटीच. पिशवीत छोट्या छोट्या बाटल्या, काचेच्या नळ्या आणि रंगांचा एक तक्ता होता. पाण्यात अमुक थेंब टाकायचे, रंग चढला की तक्त्याशी ताडून बघायचा. क्षार किती, फ्लोराइड किती, लोह किती, असलं बरंच त्यात कळतं. शिकवणाऱ्या बाईंनी शेवटी सांगितलं होतं, की या पिशवीत सगळंच कळतं असं नाही, काही गोष्टींना मोठी प्रयोगशाळाच लागते. नेमकी तेव्हाच जेवणाची ताटं आली होती आणि मी मठ्ठ्याकडे बघत होते.

गावी आले आणि माझ्या अंगात परीक्षक संचारला. महादेवाच्या देवळापुढच्या ओट्यावर सतरंजी टाकली, गावातली सगळी पाणी एका रांगेत मांडली आणि शंभर माणसांसमोर थेंब टाकायला सुरुवात केली. विहिरीच्या पाण्याला असा काही रंग चढला, की बाया "अगं माय" म्हणाल्या. शाळेच्या बोअरलाही थोडा चढला. चांदमारीचं पाणी मात्र थेंबामागून थेंब टाकले तरी नितळच्या नितळ. मी उभी राहिले आणि चांगलं पंधरा मिनिटं भाषण केलं. विज्ञानाच्या कसोटीवर उतरलेलं पाणी, असं मी तीनदा म्हणाले. भाषण आवरतं घ्यावं, असं कुणीच सुचवलं नाही, आणि मला आपण होऊन ते सुचणं शक्य नव्हतं.

एवढ्यावर थांबले असते तरी चाललं असतं. पण नाही. शाळेच्या बाईंकडून बक्षिसाचं कोरं प्रमाणपत्र मागून आणलं, "प्रथम क्रमांक" आधीच छापलेलं. विद्यार्थ्याच्या नावाच्या जागी वळणदार अक्षरात "चांदमारी हातपंप" असं लिहिलं, गंगाखेडहून ते लॅमिनेट करून आणलं आणि पंपाशेजारच्या लिंबाला टांगलं. सरपंचांनी नारळ फोडला. त्याच आठवड्यात कुणाच्या तरी पंगतीत आत्याबाई चार बायांसमोर म्हणाल्या, "आमची सून लय शिकलेली हाय. मी इतकी वर्षं डाळीवरून सांगायले, ते तिनं बाटलीवरून सांगितलं." माझ्या लग्नाला सहा वर्षं झाली होती. सहा वर्षांत आत्याबाईंनी माझं केलेलं हे पहिलं कौतुक. मला ते इतकं गोड लागलं, की घरी येऊन नवऱ्याला दोनदा ऐकवलं, आणि दुसऱ्यांदा त्यात थोडी भरही घातली.

नियमाप्रमाणे प्रत्येक पाण्याची एक बाटली जिल्ह्यालाही पाठवायची असते. ती मी पाठवली. सोबतच्या फॉर्मवर "जागेची माहिती" असा रकाना होता. त्यात मी हौसेनं चांदमारीचा समग्र इतिहास लिहिला. जागा पुरली नाही तेव्हा मागच्या पानावर लिहिला, टोपलीभर गोळ्यांसकट. परभणीच्या कचेरीत कुणीतरी ते मागचं पान वाचलं. सरकारी कागदाचं मागचं पान वाचणारा माणूस असतो, हे मला तेव्हा कळलं. त्यानं आमची बाटली पुढे, कुठल्याशा मोठ्या प्रयोगशाळेत धाडून दिली.

तिचा निकाल यायच्या आतच ननंद माहेरी आली. पहिलटकरीण, सहावा महिना सरत आलेला. आत्याबाईंना उशिरा झालेली ही एकुलती एक लेक. ती आली आणि घरातला प्रत्येक जिन्नस तिच्या नावावर झाला. दूध तिचं, तूप तिचं, खिडकीतली वाऱ्याची जागा तिची. "चांदमारीचं पाणी पी बाई पोटभर, हलकं असतंय, लेकराला मानवतंय," असं आत्याबाई तिला दिवसातून दहादा सांगायच्या. ननंद गुणाची पोरगी, सांगेल तितकं प्यायची.

आणि मग निकाल आला. चांदमारीच्या पाण्यात शिसं होतं. थोडंथोडकं नव्हे, प्यायला बंदी घालावी इतकं. इतकी वर्षं बांधात रुतून बसलेल्या गोळ्या पावसापाण्यानं झिजत झिजत खाली उतरल्या होत्या, आणि हलकं पाणी शिसं जास्तच विरघळवून घेतं. शिशाला रंग नाही, वास नाही, चव नाही. उकळून ते जात नाही. ते अंगात साठत राहतं आणि लहान मुलांच्या, पोटातल्या बाळाच्या मेंदूच्या वाढीवर घाला घालतं. हे सगळं मला कॉलेजात शिकवलं होतं. परीक्षेत प्रश्न आला होता आणि मी त्याचे पूर्ण मार्कही मिळवले होते. मोबाइलवर तो कागद वाचून मी मान वर केली, तर समोर खिडकीत ननंद बसली होती आणि तिच्या हातात पाण्याचा पेला होता.

दुसऱ्या दिवशी तालुक्याहून एक जण लाल रंगाचा डबा घेऊन पंप रंगवायला आला. लाल रंगाचा पंप म्हणजे पाणी पिऊ नये, अशी ती खूण. पण त्याच्याकडचा रंग आधीच्या गावात संपत आला होता. उरल्या रंगात त्यानं पंपाचं नुसतं तोंड रंगवलं, बाकी पंप होता तसाच ठेवला आणि निघून गेला. गावातल्या बायांनी पंपाला लिपस्टिक लागली म्हणून दोन दिवस हसून घेतलं आणि खाली घागरी लावल्या.

मी देवळापुढे पुन्हा सतरंजी टाकली. या वेळी शंभर माणसं आली नाहीत, वीसेक आली, तीही गंमत बघायला. मी कागद वाचून दाखवला. सरपंच मिशीत हसत म्हणाले, "वैनी, पहिला नंबर तुमीच दिलात. आता नापास बी तुमीच करायलात. मधल्या काळात पाण्यानं कॉपी केली का काय?" एक म्हातारे उठून म्हणाले, "आमी जलमभर हेच पाणी पेलाव, आमाला काय झालं?" सगळ्यांनी माना डोलावल्या. दहा मिनिटांनी ते पुन्हा उठले आणि तेच वाक्य पहिल्यांदाच म्हणत असल्यासारखं म्हणाले. तेव्हाही सगळ्यांनी माना डोलावल्या. शेवटी ठरलं ते इतकंच, की पाणी शुद्ध करायचं मशीन मंजुरीला पाठवायचं, आणि ते येईपर्यंत ज्याला भीती वाटते त्यानं विहिरीचं प्यावं. विहिरीचं पाणी जड होतं, पण त्यात शिसं नव्हतं. भीती वाटणाऱ्यांत मला एकच घर मिळालं. आमच्या शेजारणीला वर्षाचं लेकरू होतं. ती कुरकुरत का होईना, पण विहिरीच्या पाण्यावर गेली.

घरी आत्याबाईंनी निकाल दिला तो असा. "विहिरीच्या पाण्यात डाळ शिजवून दाखीव, मग बोल."

इथे मी भांडायला हवं होतं. मला भांडता येत नाही असं नाही. एसटीच्या कंडक्टरपासून गॅसच्या एजन्सीपर्यंत या तालुक्यात माझी बऱ्यापैकी ख्याती आहे. नवरा तर म्हणतो, की तुला रविवारी भांडायला कुणी मिळालं नाही तर तू रेडिओशी भांडशील. पण आत्याबाईंपुढे माझी जीभ उचलेना. सहा वर्षांनी मिळालेलं ते कौतुक मला सोडवत नव्हतं. भांडले की ते गेलं, हे मला स्वच्छ दिसत होतं. नवऱ्याला विचारलं, तर तो म्हणाला, "तुमा दोघींच्या मधे मी पडत न्हाई." तो कधीच कशाच्या मधे पडत नाही. म्हणून मी भांडणाऐवजी अक्कल चालवायची ठरवली.

राणीसावरगावात शुद्ध पाण्याचे जार मिळतात. तिकडचा रस्ता चांदमारीवरूनच जातो. घरात पाणी भरणं हे माझंच काम. मी रोज सकाळी स्कूटीच्या पुढ्यात वीस लिटरचा रिकामा जार उभा करायची, चांदमारीच्या पंपासमोरून तशीच पुढे जायची, जार भरून आणायची आणि घरातल्या घागरी, तांबे, माठ सगळं त्यानं भरून टाकायची. "लय येळ लागला गं," आत्याबाई म्हणायच्या. "लय गर्दी होती पंपावर," मी म्हणायची. सून कागदबिगद विसरून वठणीवर आली, म्हणून त्या खूश. ननंदेच्या पोटात स्वच्छ पाणी जातंय, म्हणून मी खूश. आणि जारचं पाणीही हलकंच असतं, त्यामुळे डाळ अशी फर्मास शिजायला लागली, की आत्याबाई पातेल्यात पळी फिरवून म्हणायच्या, "बघ, बघ. शिसं हाय म्हणे यात. शिसं असतं तर डाळीला कळलं नसतं?" मी पाठ फिरवून हसू दाबायची. इतकी हुशार बाई या घरात माझ्याआधी आली नसेल, असं मला खरंच वाटायला लागलं होतं.

फक्त एक पाणी मी माझ्या कारभारातून वगळलं. आमचं घर शिवाचं. आत्याबाई रोज उजाडता उजाडता बेलफूल आणायला जातात आणि येताना चांदमारीवरून पूजेचा तांब्या स्वतःच्या हातानं भरून आणतात. त्या तांब्याला त्या दुसऱ्या कुणाचा हात लागू देत नाहीत. मी विचार केला, पूजा देवाची, पाणी देवाचं, आणि शिशानं महादेवाला काय होणार आहे? साक्षात हलाहल पचवलेला देव. पूजा झाली की तीर्थ म्हणून घरातल्या प्रत्येकाच्या तळहातावर पळीभर पाणी पडतं. पळीभर पाण्यानं काय बिघडतंय, म्हणून मी ते सोडून दिलं. तसंही त्या वेळी मी स्कूटीवर जारच्या मागे असायची. माझ्या वाटणीची पळी मी आल्यावर घ्यायची.

महिनाभर असं छान चाललं. मग सातव्या महिन्याचं डोहाळजेवण आलं. ननंदेला हिरवी साडी नेसवली, मोगऱ्याचे दागिने घातले आणि ओटीवर पाटावर बसवली. चाळीसेक बाया जमल्या. त्या दिवशी मी तीन जार आणले होते. आत्याबाईंनी वरण केलं, आणि ते इतकं सुरेख झालं की पंगतीत दुसऱ्या कुठल्या पदार्थाचं नावच निघेना. मी वाढत होते. तेवढ्यात गंगाखेडच्या एका पाहुणीनं विचारलं, "असं वरण होतं तरी कशानं?"

आत्याबाईंनी पदर सावरला आणि सगळ्या पंगतीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "पाण्यानं. कागद काई का म्हणंना. माझ्या घरात अजून चांदमारीचंच पाणी हाय, आन् माझी लेक सातव्या महिन्यात कशी हाय ती बघा की समोर." सगळ्या बायांनी ननंदेकडे बघितलं. ननंद खरोखरच टवटवीत दिसत होती. मला त्या क्षणीदेखील मनातून हसूच येत होतं. मग पंगतीच्या टोकाला बसलेली आमची शेजारीण मांडीवरच्या लेकराला वरणभाताचा घास भरवता भरवता म्हणाली, "मग मीच येडी ठरले म्हणायची. जड पाणी पाजून लेकराचे हाल केले महिनाभर. उद्यापासून आमी बी तिकडूनच आणताव." तिच्या बाजूच्या दोघींनीही मान हलवली.

माझ्या हातात वरणाची पळी होती. ती तशीच धरून मी म्हणाले, "हे पाणी चांदमारीचं नाही."

पंगत थांबली. मी सांगून टाकलं. जारचं पाणी, राणीसावरगावचं, महिना झाला, रोज सकाळी. पंपावर गर्दी होती म्हणून सांगितलं ते सगळं खोटं. आजचं वरण त्याच पाण्याचं. बोलताना मी आत्याबाईंकडे बघत नव्हते, भाताच्या परातीकडे बघत होते. पहिल्यांदा हसली ती ननंद. "वैनी, काय बाई तुमी!" असं म्हणून ती फुलांच्या दागिन्यांसकट हसत सुटली आणि तिच्या पाठोपाठ सगळ्या बाया हसल्या. चाळीस बाया एकदम हसतात तेव्हा केवढा आवाज होतो! मला वाटलं, आता आत्याबाई मला घराबाहेर काढणार. पण मी मान वर करून बघितलं, तर त्यांचा चेहरा रागावलेला नव्हता, घाबरलेला होता. ज्या डाळीच्या भरवशावर त्यांनी कागद खोटा ठरवला होता, ती चांदमारीच्या पाण्यात शिजलीच नव्हती.

"समदं?" त्यांनी विचारलं. "समदंच पाणी बदललंस?"

"समदं," मी म्हणाले. "पूजेचं सोडून."

आत्याबाई जिथे होत्या तिथेच खाली बसल्या. पंगतीतलं हसू एकेक करून विझलं. त्यांनी लेकीकडे बघितलं आणि मलाच ऐकू येईल अशा आवाजात म्हणाल्या, "मी रोज तीर्थ द्यायले तिला."

"पळीभरच ना?" मी विचारलं.

"पेलाभर. लेकराला देवाचं लागावं म्हणून. तू गाडीवर जायचीस, त्या टायमाला. उपाशीपोटी."

मी पळी परातीत ठेवली. एक महिना मी सकाळी सकाळी वीस लिटर पाणी वाहून आणत होते, घरातल्या माठापासून स्वयंपाकाच्या घागरीपर्यंत सगळं शुद्ध करून ठेवत होते, आणि जिच्यासाठी ते सगळं चाललं होतं, ती एकटीच रोज त्याच वेळी, अनशापोटी, श्रद्धेनं, पेलाभर शिसं पीत होती. माझ्या हुशारीतून नेमकी तीच सुटली होती. आत्याबाईंना मी पहिल्याच दिवशी तोंडावर सांगून, रडून, आदळआपट करून, हवं तर माहेरी निघून जाऊन थांबवलं असतं, तर त्यांनी तांब्यातलं पाणीही लेकीला दिलं नसतं. त्या हट्टी आहेत, पण लेकीच्या बाबतीत जुगार खेळणाऱ्या नाहीत. त्यांना मी घाबरवायला हवं होतं. मी त्यांना खूश ठेवलं.

"का न्हाई भांडलीस माझ्याशी?" आत्याबाईंनी विचारलं. "साऱ्या मुलखाशी भांडतीस. माझ्याशीच का न्हाई भांडलीस?"

माझ्याकडे उत्तर होतं, पण ते चाळीस बायांसमोर सांगण्यासारखं नव्हतं. तुम्ही मला एकदा चांगलं म्हणालात म्हणून, असं ते होतं.

त्यानंतर आत्याबाई उठल्या. पंगत अर्धीच होती, पण त्यांनी नवऱ्याला, म्हणजे माझ्या नवऱ्याला, हाक मारली आणि ट्रॅक्टरचे पाने घेऊन ये म्हणून सांगितलं. चाळीस बाया, त्यांच्या पुढे आत्याबाई आणि मागे पाने घेतलेला नवरा, असा सगळा ताफा भर दुपारी चांदमारीवर गेला. आत्याबाई पंपाच्या ओट्यावर चढल्या आणि म्हणाल्या, "काढ दांडा." नवरा माझ्याकडे बघायला लागला, मग आईकडे, मग पुन्हा माझ्याकडे. जन्मात पहिल्यांदा तो कशाच्या तरी मधे सापडला होता. शेवटी त्यानं बोल्ट सोडवले आणि दांडा काढला. आत्याबाईंनी तो खांद्यावर टाकून घरी आणला आणि धान्याच्या कोठीमागे उभा केला. दुसऱ्या दिवशी सरपंच आले. चहा घेतल्यावर अदबीनं म्हणाले, "काकू, तो दांडा सरकारी मालमत्ता हाय." आत्याबाई म्हणाल्या, "आन् शिसं कुणाची मालमत्ता हाय? ते बी घिऊन जा म्हणावं." सरपंचांनी दुसरा चहा मागितला आणि विषय पावसावर नेला.

दांडाच नाही म्हटल्यावर गाव मुकाट्यानं विहिरीच्या पाण्यावर आलं. डाळ शिजेना म्हणून घरोघर बोटं मोडली जात होती, आणि ती माझ्याच नावानं मोडली जात असणार. पण मशीनच्या मंजुरीला त्यामुळे असा काही वेग आला, की पूर्वी महिना महिना न हलणारा कागद आठवड्याला एक टेबल पुढे सरकायला लागला. बायका ग्रामसेवकांच्या दारात न शिजलेल्या डाळीची पातेली नेऊन ठेवायच्या. अखेर मशीन आलं. आता देवळामागच्या खोलीतून सगळं गाव पाणी नेतं, त्यात डाळही शिजते आणि आत्याबाई आपला पूजेचा तांब्याही तिथेच भरतात. वर्षातून दोनदा त्या पाण्याची बाटली मी मोठ्या प्रयोगशाळेला पाठवते. थेंबांवर भाषण करायचं मी सोडून दिलं आहे.

ननंदेला त्याच आठवड्यात परभणीला नेलं. रक्त तपासायला पुढे पाठवलं. त्यात शिसं निघालं. डॉक्टर म्हणाले, फार नाही, पण नसतं तर बरं झालं असतं. ते पाणी बंद करा, दूध द्या, लोहाच्या गोळ्या द्या, आणि बाळ झाल्यावर त्याच्या वाढीकडे लक्ष ठेवा. एवढंच त्यांच्या हातात होतं. दिवस भरल्यावर मुलगी झाली. वजन ठीक, रडणं ठणठणीत. पहिल्या रडण्यालाच आत्याबाईंनी मला विचारलं, "आवाज बरोबर हाय ना गं?" आणि मी बी.एस्सी.च्या अधिकारानं म्हणाले, एकदम बरोबर.

तेव्हापासून आत्याबाई आणि मी रोज भांडतो. मिठावरून, मोबाइलवरून, दारात चपला कशा काढाव्यात यावरून. नवरा आता मधे न पडता थेट शेतात जातो. दिवस बिनभांडणाचा गेला, तर संध्याकाळी आत्याबाई संशयानं विचारतात, "काय लपवायलीस का माझ्यापसून?"

भाची आता तीन वर्षांची होत आली. बोलायला तिनं जरा वेळ लावला. ते तीन-चार महिने आत्याबाई आणि मी एकमेकींच्या नजरेला नजर देत नव्हतो. मग ती बोलायला लागली आणि आता गप्प बसेनाशी झाली आहे. या दिवाळीला ननंद तिला घेऊन आली होती. दुपारी पोरगी दारातल्या चपलांच्या जोड्या लावत बसली होती. मामाची एक, आजीची एक, अशी जोडी लावायची आणि टाळ्या वाजवायची. सगळ्या जोड्या चुकीच्या. या वयाची लेकरं असंच करतात, हे मला माहीत आहे, आत्याबाईंनाही माहीत आहे. दोघी उंबऱ्यात बसून बघत होतो.

"खरं सांग," आत्याबाई हळूच म्हणाल्या. "त्या महिन्याचं काई राहिलं असंल का पोरीत?"

न्हाई हो, काहीच नाही, हे उत्तर माझ्या अगदी ओठांवर होतं. ते ऐकून त्या खूश झाल्या असत्या.

"मला माहीत नाही, आत्याबाई," मी म्हणाले. "आणि डॉक्टरांनाही सांगता येणार नाही."

बाहेर पोरीनं आणखी एक जोडी लावली आणि आमच्याकडे बघून टाळ्या वाजवल्या. आम्ही दोघींनीही वाजवल्या.